बडोद्यातले पीपीएलवाले, नोटॅम (उड्डाणासंबंधीच्या सरकारी सूचना) आणि व्हीव्हीआयपी मूव्हमेंटमधून तास कसे काढता?

हरणीचं_पाखरू
नमस्कार मंडळी. मी बडोद्याचा, पीपीएल (खासगी वैमानिक परवाना) हातात आहे, आता सीपीएलच्या (व्यावसायिक परवान्याच्या) 200 तासांच्या मागे लागलोय. क्लबचं सेसना 172 भाड्याने घेऊन उडतो. अडचण विमानाची नाहीये, अडचण आकाशाची आहे. सकाळी सहाला हँगरवर पोचायचं, प्रीफ्लाइट करायची, टाकीत दांडी घालून तेल बघायचं, सम्पमधून (टाकीच्या तळातून) थेंबभर काढून पाणी आहे का बघायचं, सगळं झालं की टॉवरकडून निरोप की आज लोकल फ्लाइंग बंद, किती वेळ ते नंतर सांगतो. कधी व्हीव्हीआयपी येणार असतात, कधी हवाई दलाचं काही चाललेलं असतं, कधी कारणच सांगत नाहीत, आणि आपण विचारणारे कोण म्हणा. मग तासभर चहा पीत बसायचं, तोवर ऊन चढतं, वारा सुटतो, पुढच्याचा स्लॉट सुरू होतो आणि आपला दिवस गेला.

मे 2025 मध्ये पाकिस्तानशी काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे, त्याबद्दल तक्रार नाहीच. पण त्यानंतरही अधूनमधून चालूच आहे आणि मला त्यात काही पॅटर्न सापडत नाही. शिवाय 300 नॉटिकल मैलांची क्रॉस कंट्री बाकी आहे, ती इंदूरला करायचं मनात आहे पण एडीसी (हवाई संरक्षण मंजुरी) नंबर येईपर्यंत हवा बिघडते किंवा वेळ निघून जाते. जुने लोक हे कसं सांभाळतात? आदल्या रात्री काही अंदाज बांधता येतो का? की सरळ दुसऱ्या राज्यातल्या अकॅडमीत जावं? घरचे तर म्हणतायत परदेशात जाऊन ये एकदाचा, पण तेवढे पैसे काय झाडाला लागलेत.

शेव_उसळ
भाऊ, वाईट वाटून घेऊ नकोस पण देशाच्या सुरक्षेपुढे तुझ्या तासांचं काय एवढं. सीमेवरचं राज्य आहे आपलं. पाकिस्तान काय लांब आहे का कच्छपासून. चार दिवस नाही उडालास तर काही बिघडत नाही.

निवृत्त_टॉवरवाला
शेव उसळ, तुझं म्हणणं चूक नाही पण त्याने बंदी उठवा म्हटलेलंच नाहीये, बंदीत काम कसं करायचं ते विचारलंय. तो प्रश्न रास्त आहे. मी एटीसीत (हवाई वाहतूक नियंत्रणात) नोकरी केली (बडोद्यातही काही वर्षं होतो), त्यामुळे खिडकीच्या दुसऱ्या बाजूने सांगतो.

पाखरा, पहिली गोष्ट ही की टॉवरवाला तुला कारण सांगत नाही कारण बहुतेक वेळा त्यालाच माहीत नसतं. त्याला फक्त फोन येतो की अमुक ते अमुक वेळ धरून ठेवा. हरणीच्या (बडोदा विमानतळाच्या) धावपट्टीवर आपण आणि इंडिगो-एअर इंडियावाले असतो तसंच हवाई दलाचं स्टेशनही आहे, 2023 मध्ये पहिलं सी-295 मालवाहू विमान इथल्याच 11 स्क्वॉड्रनला मिळालं. त्यांची हालचाल तुला आधी कळवून होणार नाही, ते अपेक्षितही नाही.

आता एडीसी. लोक समजतात ती एटीसीची परवानगी आहे. तसं नाही. तू फ्लाइट प्लॅन टाकतोस, तो एफआयसीकडे (उड्डाण माहिती केंद्राकडे) जातो, तिथून हवाई दलाच्या एमएलयूकडे, म्हणजे मूव्हमेंट लायझन युनिट, आणि तिथे तुझं रजिस्ट्रेशन, मार्ग, उंची, वेळ बघून नंबर देतात. तो नंबर म्हणजे रडारवर बसलेल्या माणसाला सांगितलं गेलं की या वेळेला या रेषेवर एक बारकं हळू चालणारं विमान दिसेल, ते आपलंच आहे. बस एवढंच त्याचं काम आहे. त्यामुळे प्लॅनमध्ये जे लिहिलंस त्याच्यापासून तू जितका लांब जाशील तितका तो नंबर निरुपयोगी होत जातो. पोरं काय करतात, घाईघाईत प्लॅन टाकतात, वेळ अशीच अंदाजे लिहितात, मग निघायला पाऊण तास उशीर होतो आणि वर म्हणतात एडीसीने अडवलं. अर्ध्या तासाहून जास्त उशीर होतोय असं दिसलं की डिले मेसेज टाकायचा, टॉवरला विचारायचं नंबर अजून चालेल का. हे कोणी शिकवत नाही पण निम्मी भांडणं तिथेच होतात.

दुसरं, नोटॅम नीट वाच. नीट म्हणजे सी पुढचा आकडाही वाच, सूचना कधी संपते तो. मे 2025 मध्ये उत्तर-पश्चिमेचे 32 विमानतळ बंद केले तेव्हा पेपरात आलं होतं की 15 मे पहाटे 5:29 पर्यंत. कितीतरी लोकांनी मला विचारलं की काका ही 5:29 काय भानगड. भानगड काही नाही, नोटॅम यूटीसीत, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागच्या जागतिक वेळेत असतो, 14 मेचे 23:59 संपले की आपल्याकडे 15 तारखेची पहाट 5:29 झालेली असते. म्हणजे नोटॅममध्ये 2505142359 दिसलं तर त्याचा अर्थ 14 तारखेला मध्यरात्री आकाश मोकळं असा नाही. आणि उलटंही होतं, ते विमानतळ प्रत्यक्षात 12 मेलाच उघडले, म्हणजे जुना नोटॅम रद्द करणारा नवा आलेला असतो आणि तुम्ही आदल्या रात्रीचा प्रिंटआउट घेऊन फिरत असता. त्या यादीत गुजरातचे भुज, जामनगर, राजकोट, पोरबंदर, कांडला, केशोद, मुंद्रा, नलिया होते, बडोदा नव्हतं, तरी लहान विमानांना इथेही कोण उडू देणार होतं अशा वेळी. यादीत नाव नाही म्हणजे मोकळीक आहे असं धरून चालायचं नाही.

पॅटर्न म्हणशील तर व्हीव्हीआयपीचा थोडाफार असतो. 31 ऑक्टोबरला केवडियाला एकता दिवस, पंतप्रधान बरेचदा बडोद्यात उतरून पुढे जातात, तर 29 पासून तुझी सॉर्टी (उड्डाणाची फेरी) धरूच नकोस. निवडणुकांचा हंगाम, मोठं उद्घाटन, हे पेपरात आठवडाभर आधी येतं. 28 ऑक्टोबर 2024 ला सी-295 च्या कारखान्याचं उद्घाटन झालं, स्पेनचे पंतप्रधान पण आले होते, रोड शो झाला, त्या दिवशी लोकल फ्लाइंगचं नाव कोणी काढेल का? पण क्लबात काही जणांचा स्लॉट लावलेला असतोच आणि मग तोंड पाडून बसतात. सकाळी नोटॅमच्या आधी स्थानिक पेपर वाचत जा, मी गंमत करत नाहीये.

ड्रोनवाला_मांजलपूर
पायलट लोकांना निदान टॉवर तरी आहे विचारायला. आम्ही लग्नं आणि नवरात्र शूट करतो. मे 2025 ला 9 तारखेला सरकारने जाहीर केलं की 15 पर्यंत गुजरातमध्ये फटाके पण नाही आणि ड्रोन पण नाही. ऐन लग्नसराईत. ॲडव्हान्स परत करता करता नाकी नऊ आले. एरवीही विमानतळ शहरातच असल्यामुळे अर्धं गाव रेड किंवा यलो झोनमध्ये (ड्रोनला बंदी किंवा परवानगी लागणाऱ्या भागात) येतं, डिजिटल स्कायचा (सरकारी ड्रोन पोर्टलचा) नकाशा उघडला की गिऱ्हाइकाचा फार्महाऊस बरोब्बर लाल रंगात. आणि वर पोलीस कमिशनरचा जाहीरनामा निघाला की ग्रीन झोन असला तरी काय उपयोग. मी आता करारातच लिहून घेतो की बंदी आली तर जमिनीवरून शूट होईल आणि पैसे तेवढेच.

हरणीचं_पाखरू
काका एवढं सविस्तर लिहिलंत, खूप खूप आभार. डिले मेसेजचं खरंच कोणी सांगितलं नव्हतं. ड्रोनवाले भाऊ, करारात लिहून घ्यायची आयडिया भारी आहे, क्लबाला पण लिहून द्यायला सांगतो की माझे भरलेले पैसे लॅप्स होणार नाहीत 😀

शेव उसळ, मी देशाच्या विरोधात नाहीये रे बाबा.

शेव_उसळ
नाही रे तसं नाही म्हटलं. पण मला एक सांगा, तुमचं ते चिमुकलं सेसना, त्याने काय धोका होणार? उगाच त्याला एवढं घाबरतात का? आधी मी उलटं बोललो पण आता खरंच विचारतोय.

निवृत्त_टॉवरवाला
हा प्रश्न चांगला आहे. दोन गोष्टी सांगतो.

एक, पुरुलिया. 17 डिसेंबर 1995 च्या रात्री एका एएन-26 ने पश्चिम बंगालमधल्या पुरुलियात पॅराशूटने बंदुका आणि दारूगोळा टाकला, आणि ते विमान आपल्या हद्दीत येऊन, काम उरकून, निघून पण गेलं. नंतर परत आलं तेव्हा मुंबईला उतरवलं. ते सेसनापेक्षा बरंच मोठं होतं, पण तेव्हापासून ठरलेल्या रेषेवर नसलेल्या कुठल्याही विमानाकडे बघायची यंत्रणेची नजर बदलली. मी त्या काळात नोकरीत होतो, फोनवरचा सूर बदललेला कळत होता.

दोन, ही तर आपल्या गुजरातचीच गोष्ट आणि नव्या पोरांना माहीत नसते. 19 सप्टेंबर 1965. युद्ध चालू होतं. मुख्यमंत्री बळवंतराय मेहता बीचक्राफ्ट विमानातून मिठापूरहून कच्छकडे निघाले होते, बरोबर पत्नी, कर्मचारी, एक पत्रकार. वैमानिक जहांगीर इंजिनिअर, हवाई दलात काम केलेला कसलेला माणूस. पाकिस्तानी लढाऊ विमानाने ते सुथरीजवळ पाडलं, कोणीही वाचलं नाही. पाडणाऱ्या वैमानिकाने, कैस हुसेन त्याचं नाव, 2011 मध्ये जहांगीर इंजिनिअरांच्या मुलीला पत्र लिहून दुःख व्यक्त केलं आणि तिने मोठ्या मनाने उत्तरही दिलं. त्याच्या सांगण्याप्रमाणे समोरच्या विमानाने पंख हलवून दाखवले होते, पण खालून कंट्रोलरचा हुकूम आला.

म्हणजे शेव उसळ, तुझा प्रश्न थोडा उलटा करून बघ. लहान विमानाचा धोका जितका इतरांना, त्याहून जास्त त्यात बसलेल्याला असतो. रडारवर ठिपका दिसतो, ठिपक्यावर लिहिलेलं नसतं आत कोण आहे. म्हणून मी पोरांना एडीसीचं एवढं तोंड वाजवून सांगतो.

जर्सीतला_बडोदेकर
दांडिया बाजारचा मी, आता बरीच वर्षं न्यू जर्सीत. इथे पीपीएल काढलं, रविवारचा उडतो. घरचे परदेशात पाठवायचं म्हणतायत म्हणून लिहितोय, इथे सगळं मोकळं असतं असा समज असेल तर तो काढून टाक.

मी जिथून उडतो तिथून बेडमिन्स्टर जवळ आहे, ट्रम्प यांचा गोल्फ क्लब. ते आले की टीएफआर (तात्पुरती उड्डाणबंदी) लागतो, आतली रिंग 10 नॉटिकल मैलांची आणि बाहेरची 30. आतल्या रिंगमध्ये सॉलबर्ग आणि सॉमरसेट ही दोन छोटी विमानतळं येतात, ती चक्क बंद पडल्यासारखी होतात, शनिवार-रविवारी, म्हणजे नेमका ज्या दिवशी धंदा असतो तेव्हा. बाहेरच्या रिंगमध्ये उडता येतं पण फ्लाइट प्लॅन पाहिजे, एटीसीने दिलेला वेगळा स्क्वॉक कोड (रडारवर ओळख पटवणारा आकडा) पाहिजे, सतत बोलत राहायला पाहिजे. सर्किट मारणं (धावपट्टीभोवती फेऱ्या), ट्रेनिंग, उगाच घिरट्या, सगळं बंद. शिकणाऱ्यांचे वीकेंड वाया जातात ते इथेही जातात बरं का.

आणि तरीही लोक घुसतात! जुलै 2025 मध्ये एकाच वीकेंडला बरीच छोटी विमानं आत शिरली, नोरॅडने (अमेरिका-कॅनडाच्या हवाई संरक्षण यंत्रणेने) एफ-16 पाठवली, एकाचं तर समोरून आडवं जाऊन लक्ष वेधावं लागलं. बहुतेकांनी निघण्याआधी नोटॅम बघितलेला नसतो, एवढंच कारण. आयपॅडवर लाल गोल दिसतो, पण नकाशा काल रात्री डाउनलोड केलेला असतो.

वॉशिंग्टनचं तर कायमचंच आहे. 11 सप्टेंबर 2001 नंतर प्रवासी विमानं दोन-तीन दिवसांत हळूहळू सुरू झाली, पण मोठ्या शहरांभोवती व्हीएफआर (बाहेर डोळ्यांनी बघून) उडणारी छोटी विमानं त्यापेक्षा कितीतरी जास्त काळ जमिनीवर होती. 2003 मध्ये वॉशिंग्टनभोवती एडीआयझेड (ओळख पटवूनच शिरायचा हवाई पट्टा) आला, तात्पुरता म्हणून, आणि 2009 मध्ये तो एसएफआरए या नावाने कायमचा झाला. तात्पुरता हा शब्द सरकारी कागदावर दिसला की मला आता हसू येतं. आतल्या भागात मेरिलँडची छोटी विमानतळं येतात, कॉलेज पार्क त्यातलं एक, तिथून उडायला बोटांचे ठसे, चौकशी, मग पिन नंबर, मग तो सांगून फ्लाइट प्लॅन. लोक करतात. कुरकुर करतात पण करतात.

फरक एकच सांगतो आणि तो महत्त्वाचा आहे. इथे रिंग कुठे, कधीपासून कधीपर्यंत, हे आधी छापून येतं, बरेचदा दोन-तीन दिवस आधी. कडकपणा तुमच्यापेक्षा कमी नाहीये, पण माणूस शनिवारी सकाळी हँगरवर जाऊन बसत नाही. पाखरू जे म्हणतोय ना की सापडत नाही कधी बंद, दुखणं तिथे आहे.

हँगर_ताई_इंदूर
आताच वाचलं. मी इंदूरला शिकवते, माहेर बडोद्याचं (राजमहाल रोडला), म्हणून दोन्हीकडचं माहीत आहे. अरे पाखरा, तुझ्या क्रॉस कंट्रीबद्दल कोणी बोललंच नाही.

आधी गणित कर. बडोदा ते इंदूर सरळ रेषेत 145 नॉटिकल मैलांच्या आसपास आहे. जाऊन-येऊन 290. तुला 300 पाहिजेत आणि दोन वेगळ्या विमानतळांवर पूर्ण थांबून लँडिंग पाहिजे. म्हणजे नुसतं इंदूर करून परत आलास तर कागदावर बसतच नाही! आमच्याकडे येऊन मग पोरांच्या हे लक्षात येतं आणि तोंडाला फेस येतो. इंदूरहून पुढे भोपाळ घे, तो टप्पा 90-95 मैलांचा आहे, मग वाटलं तर परत इंदूर करून घरी जा. 172 साठी पूर्ण दिवसाचं काम आहे, मधे तेल, जेवण, आणि हे सगळं सूर्यास्तानंतर 20 मिनिटांच्या आत संपलं पाहिजे कारण व्हीएफआर त्यापुढे नाही.

म्हणून मी माझ्या पोरांना तीन टप्पे असले तर तिन्हींचे प्लॅन आदल्या संध्याकाळीच तयार करून ठेवायला लावते, वेळा ऐसपैस धरून. पहिला टप्पा शक्य तितक्या सकाळी. इंदूरला तासभर मोकळा ठेवायचा, कारण इथे तुला पुढच्या टप्प्याचा एडीसी येईपर्यंत काहीतरी होणारच. आणि मनाशी पक्कं ठरवून निघायचं की अमुक वाजेपर्यंत भोपाळचा नंबर नाही आला तर मुक्काम इंदूरला. झोपायच्या आधी सराफ्यात (इंदूरच्या रात्रीच्या खाऊबाजारात) जाऊन गराडू खा, उद्या सकाळी निघ. जे पोरगं दिवसातच परत जायचंय म्हणून घोड्यावर बसून येतं ते संध्याकाळी धावपळीत चुका करतं. हॉटेलचे पैसे क्रॉस कंट्रीच्या खर्चातच धर.

आणि बंदीत अडकलेला वेळ वाया घालवू नकोस. बंदी तासाभराची असली की लोक घरी जातात. तू जाऊ नकोस. कॉकपिटमध्ये बस, चेकलिस्ट, फोर्स्ड लँडिंगचे कॉल, हाताने स्विचेस शोधायचे डोळे मिटून. बरेचदा बंदी लवकर उठते आणि तेव्हा एप्रनवर (विमानं उभी असतात तिथे) जो तयार असतो त्याला विमान मिळतं. आमच्याकडे एक मुलगा होता, त्याने निम्मे तास असेच दुसऱ्यांच्या सोडलेल्या स्लॉटमध्ये काढले. अभ्यासाला फार हुशार होता असंही नाही, फक्त हलायचा नाही तिथून.

हरणीचं_पाखरू
ताई 290 चं वाचून पोटात गोळा आला. मी खरंच बडोदा-इंदूर-बडोदा प्लॅन काढून बसलो होतो 🙈

आता एक शेवटचं. समजा सगळं करूनही रस्त्यात काही बदललं, रेडिओ बंद पडला, आणि खरोखर एखादं लढाऊ विमान शेजारी आलं तर? पुस्तकात वाचलंय पण परीक्षेपुरतं.

हँगर_ताई_इंदूर
परीक्षेपुरतं वाचलंस तर आता परत वाच, आणि कार्ड करून नीबोर्डला (मांडीवरच्या पाटीला) लाव. तो साधारणपणे तुझ्या डावीकडे, थोडा वर आणि पुढे येतो आणि पंख हलवतो. तू पण पंख हलवायचे, म्हणजे समजलं. मग तो हळूच डावीकडे वळतो, तू मागे जायचं. त्याचा वेग तुझ्या दुप्पट-तिप्पट असतो, त्याला तुझ्याबरोबर राहता येत नाही, तो पुढे जाऊन परत फिरून येईल, घाबरून तू दिशा बदलू नकोस. त्याने चाकं खाली काढून एखाद्या विमानतळावर घिरट्या घातल्या तर तिथे उतर. झटकन 90 अंश किंवा जास्त वळून वर निघून गेला, तुझ्या वाटेत न येता, तर तू मोकळा. रेडिओ चालू असेल तर 121.5 वर (आणीबाणीच्या फ्रीक्वेन्सीवर) बोल, आणि एरवीही दुसरा सेट असेल तर त्यावर 121.5 लावूनच ठेव. नुसता रेडिओ मेला असेल तर स्क्वॉक 7600, पण लढाऊ विमानाने अडवलं की एटीसीने वेगळं सांगितलं नसेल तर 7700. उंची आणि दिशा एकदम बदलायची नाही, हे सगळ्यात आधी.

जर्सीतला_बडोदेकर
121.5 ला शंभर टक्के. 2005 मध्ये इथे एक सेसना 150 पेनसिल्व्हेनियातून निघून वॉशिंग्टनच्या बंद भागात शिरलं, कॅपिटॉल रिकामी करावी लागली, माणसं रस्त्यावर धावत होती. आत दोन साधे हौशी वैमानिक, एअर शोला निघालेले. बराच वेळ त्यांच्याशी बोलणंच होत नव्हतं.

निवृत्त_टॉवरवाला
ताईंनी सांगितलं ते अगदी बरोबर. मी एवढंच जोडतो, निघायच्या आधी टॉवरच्या फोनवर स्वतः बोल. वायरलेसवर नाही, फोनवर. "सर, अमुक वाजता इंदूरला निघायचा विचार आहे, आज काही आहे का?" एवढंच. नियमाने तो सगळं सांगू शकत नाही, पण "दहाच्या आधी निघालात तर बरं" असं म्हणाला तर त्यातून काय ते समजून घ्यायचं. आणि 14-15 जानेवारीला उत्तरायणाच्या वेळी जाऊ नकोस, बंदी असो नसो, बडोद्यावर पतंग किती असतात माहीत आहे ना.

शेव_उसळ
काका पतंगांची बंदी तेवढी लावायला सांगू नका कोणाला 😂 पाखरा, इंदूरहून येताना शेव आण, आपली शेव उसळ मी खाऊ घालतो.

हरणीचं_पाखरू
हो नक्की. ताई, तीन टप्प्यांचा प्लॅन काढून इथे टाकतो, वेळा जरा बघून द्याल का? इंदूरला थांबायचा एक तास पुरेल की दीड धरू?

हँगर_ताई_इंदूर
दीड धर. आणि प्लॅनमध्ये वेळा यूटीसीत लिहिल्यास का ते बघून मगच टाक.